शेकोटीपासून सणाच्या दिव्यांपर्यंत: ‘फोस’

नव्या कराराच्या ग्रीक पाठात प्रकाशासाठी ‘फोस’ हा शब्द येतो. आपले फोटो आणि फॉस्फरस याच घराण्यातले.

हा शब्द दर वेळी दिव्यच असतो असे नाही. येशूला अटक झाल्यावर त्याचा शिष्य पेत्र महायाजकाच्या वाड्यात शिपायांसोबत शेकत बसतो. मार्कने आपल्या शुभवर्तमानात त्या शेकोटीलाही ‘फोस’च म्हटले आहे. लूकच्या वृत्तांतात त्याच उजेडात एक दासी पेत्राचा चेहरा निरखून बघते आणि तो येशूची ओळख नाकारतो. ऊब देणारा उजेडच त्याला उघडे पाडतो, म्हणून हा प्रसंग इतका जिव्हारी लागतो.

योहानाच्या शुभवर्तमानात या शब्दाला वेगळीच झळाळी येते. आठव्या अध्यायात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. पार्श्वभूमी यरुशलेममधल्या मंडपांच्या सणाची. या सणात मंदिरातल्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंच दीप पेटत, त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या वस्त्रांच्या असत, असे मिश्ना हा यहुदी ग्रंथ सांगतो. पुढच्याच अध्यायात जन्मांध माणूस शिलोह तळ्यात डोळे धुऊन डोळस होतो. त्या काळच्या तळ्याच्या पायऱ्या २००४ साली सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना सापडल्या.

दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने बाप्तिस्म्यालाच ‘फोस’वरून आलेल्या शब्दाने ‘फोतिस्मोस’, म्हणजे उजळणे, म्हटले.