बोटीनं सरोवर, सायकलनं अंकोर

कंबोडियातल्या बट्टम्बांगहून सियाम रीपला सांगके नदीतून बोट जाते. काठावर उंच खांबांवर उभी घरं. पुढे तोन्ले साप सरोवरात तर गावंच तरंगती. पावसाळ्यात मेकाँग फुगली की सरोवरातून निघणारी नदी चक्क उलटी वाहते आणि सरोवर कित्येक पट पसरतं. अंकोर या जुन्या ख्मेर राजधानीचं वैभव याच पाण्यावर, मासळीवर नि भातावर पोसलं.

सियाम रीपपासून अंकोर वाट जेमतेम सहा किलोमीटर. रस्ता सपाट, झाडांची सावली, सायकलच घ्यावी.

बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्म्यानं हे विष्णुमंदिर उभारलं. पूर्वेच्या ओवरीत मात्र घाई नको. तिथल्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय: वासुकीला धरून एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मध्ये विष्णू आणि रवीखालच्या घुसळत्या पाण्यात तुकडे झालेले मासे नि मगरी.