कोलेस्टेरॉलचा नुसता आकडा पाहू नका

‘कोलेस्टेरॉल वाढले’ म्हटले की घरातले तूप आणि अंडी आधी बंद होतात. रिपोर्टातल्या बाकीच्या ओळी मात्र कोणी वाचत नाही.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीला ते लागते आणि बरेचसे आपले यकृतच तयार करते. त्यातले एलडीएल रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साचते, तर एचडीएल तिथले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते. ‘टोटल’ ही या साऱ्यांची बेरीज. जमा आणि नावे एकत्र मिळवून दुकान कसे चालले आहे ते कळेल काय?

माझ्याकडे येणारे दोन रुग्ण पाहा. बावन्न वर्षांच्या एक शिक्षिका टोटल २२८ पाहून घाबरल्या होत्या. एचडीएल ६८, साखर व रक्तदाब ठीक, व्यसन नाही. दुसरे ४६ वर्षांचे दुकानदार. टोटल १८६, त्यामुळे खुशीत! पण एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड २६०, मधुमेह, रक्तदाब १५०/९५, गालात सदैव तंबाखू, आणि वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेलेले. टोटलमधून एचडीएल वजा केले तर बाईंचे १६० उरते, यांचे १५५. म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल जवळजवळ सारखेच. धोका मात्र दुकानदारांना कितीतरी अधिक. गोळी मी त्यांना सुरू केली. बाईंना रोज चालायला सांगितले.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीतून हेच पुढे आले की वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, म्हणून पन्नाशीची वाट पाहू नये. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हा विकार झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एलडीएल १९० वा त्याहून अधिक असेल तर बाकी सारे ठीक असले तरी बहुधा औषध लागतेच.

पहिल्या तपासणीला उपाशीपोटी जाण्याची आता सक्ती नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आले तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करावी. (तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका. कोणत्याच वनस्पती तेलात ते नावालाही नसते म्हणा ना!)

गोळीने आकडा उतरला की पुष्कळजण ती परस्पर बंद करतात. काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. अंग फार दुखू लागले तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलताही येते.