ससे, परसबाग आणि काडाची वेणी : इंग्रज शेतमजुराच्या गृहव्यवस्थेविषयी काही विचार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्लंडच्या शेतमजुराचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा त्याच्या साप्ताहिक मजुरीकडे आणि पावाच्या भावाकडे वळते. हे स्वाभाविक आहे. या दोहोंचे आकडे उपलब्ध आहेत. परंतु झोपडीमागे जी बाग होती, तिच्या कडेला लाकडी पिंजऱ्यात जे ससे वाढत आणि उंबऱ्यावर बसून बायका-मुले गव्हाच्या काडाच्या ज्या वेण्या विणीत, त्यांना मजुरीच्या कोष्टकात स्थान नाही. वस्तुतः मजूर आपल्या मालकापुढे कितपत ताठ मानेने उभा राहू शकतो, हे पुष्कळदा या नोंद न झालेल्या गोष्टींवरच अवलंबून असे.

या तिन्ही गोष्टी एकत्र आलेला एक ग्रंथ प्रसिद्ध आहे. विल्यम कॉबेट (१७६३–१८३५) याचे ‘कॉटेज इकॉनमी’ १८२१–२२ मध्ये भागशः प्रसिद्ध झाले. सामायिक कुरणे कुंपणात गेली होती, युद्धोत्तर मंदीने मजुरी घसरली होती आणि पॅरिशच्या मदतीवाचून अनेक कुटुंबांचा निभाव लागत नव्हता, असा तो काळ. चहा आणि बटाटा यांवर कॉबेटचा मोठा राग. घरी पाडलेली बिअर, घरचा पाव आणि घरच्या डुकराचे मांस यांवर मजुराने जगावे, असा त्याचा आग्रह. चाळीस रॉड, म्हणजे पाव एकर अथवा महाराष्ट्रातील मोजणीने दहा गुंठे, एवढ्या बागेवर एक गाय पोसता येते, हा त्याचा हिशेब आशावादीच म्हटला पाहिजे. सशांविषयीचा हिशेब मात्र अधिक विचारणीय आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा ससा बीळ करीत नाही. त्याची पिले अंगावर केस व उघडे डोळे घेऊन उघड्यावरच जन्मतात. इंग्रज मजुराच्या पिंजऱ्यातील ससा तो नव्हे. हा बिळात राहणारा, आंधळ्या व केसरहित पिलांचा, मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातील प्राणी. नॉर्मनांच्या आगमनानंतर तो इंग्लंडात आला आणि प्रथम सरदारांच्या व मठांच्या राखीव रानांत जोपासला गेला. घरात बाळगला जाऊ शकतो तो हाच.

एक नर व तीन माद्या ठेवल्यास वर्षभर दर तीन दिवसांनी एक ससा खावयास मिळतो, असे कॉबेट सांगतो. म्हणजे वर्षाला सुमारे एकशेवीस ससे, किंवा प्रत्येक मादीमागे चाळीस पिले. मादीचा गर्भकाळ एकतीस दिवसांच्या आसपास असतो, हे ध्यानी घेता हा आकडा अशक्य नाही. पण त्यासाठी चारा कधीही कमी पडता कामा नये. कोबीची बाहेरची पाने, गाजराचा पाला, कुंपणाकडेचे गवत व दुधाळ रानभाज्या हा तो चारा होय. केवळ ओल्या पाल्यावर ससे पोट फुगून मरतात, म्हणून सोबत थोडे कोरडे अन्नही द्यावे लागते. सशांच्या लेंड्या पुन्हा बागेत जात, मांस हंडीत शिजे आणि कातडी फेरीवाला विकत घेई. तिच्या केसांपासून टोप्यांचे नमदे बनत. एवढ्या छोट्या वर्तुळात वाया जाणारे फारसे काही उरत नसे.

कॉबेटचा मुख्य मुद्दा मात्र मांसाचा नाही. रानटी जनावरांच्या मागे धावण्यात अर्धे आयुष्य घालविणाऱ्यालाही एवढे अन्न मिळत नाही, शिवाय त्यात धोका आहे, असे तो बजावतो. हा धोका अलंकारिक नव्हता. १८२८ च्या कायद्याने रात्री परक्या जमिनीत ससा पकडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होई; तिसऱ्या वेळी सात वर्षांची हद्दपारीही होऊ शके. त्याच जातीचा प्राणी कुंपणापलीकडे असताना गुन्ह्याचा विषय आणि पिंजऱ्यात असताना निर्वेध मालमत्ता! जमीनदाराच्या सशांनी कुळाचे पीक फस्त केले तरी त्यांना मारण्याचा हक्क पुष्कळदा कुळालाही नसे. तो अबाधित हक्क जमीन कसणाऱ्यास १८८० च्या ‘ग्राउंड गेम’ कायद्याने मिळाला. भूमिहीन मजुराला त्यातून फारसे काही लाभले नाही.

हस्तकलेची कथा याहून गुंतागुंतीची आहे. बेडफर्डशर, हर्टफर्डशर व बकिंगहॅमशर या परगण्यांत टोप्यांसाठी काडाच्या वेण्या विणण्याचा धंदा घरोघर चाले. लहानशा हत्याराच्या टोकाभोवतीच्या पात्यांवर काड ढकलले की त्याच्या सारख्या चिरफळ्या होत. त्या मऊ राहाव्यात म्हणून विणणारी स्त्री त्यांचा झुबका ओठांत धरून थुंकीने भिजवीत असे. ओठांचे कोपरे फाटणे हे या धंद्याचे नित्याचे दुखणे. हात चालू असताना चालता येई, बोलता येई, पाळणाही हलविता येई. वीस यार्डांचा एक ‘स्कोअर’ या मापाने वेणी ल्यूटन व डन्स्टेबलच्या बाजारात विकली जाई.

नेपोलियनशी झालेल्या युद्धांत इटलीतील माल येणे कठीण झाले तेव्हा या धंद्याला बहर आला आणि काही घरांत पत्नीची कमाई पतीच्या मजुरीशी स्पर्धा करू लागली. १८०४ मध्ये हर्टफर्डशरच्या शेतीचे वर्णन करताना आर्थर यंगने शेतकऱ्यांची तक्रार नमूद केली आहे : वेण्यांमुळे गरीब लोक उद्धट होतात आणि घरकामास मोलकरणी मिळत नाहीत. पुढे मजुरांना खंडाने बागेचे तुकडे देण्याची योजना आली, तेव्हाही मजूर स्वतःच्या तुकड्यावर राबून थकेल व फार स्वतंत्र होईल, अशीच कुरकुर ऐकू आली. ‘उद्धट’ हे विशेषण येथे आर्थिक पुरावा म्हणूनच वाचले पाहिजे. पर्यायी मिळकत असलेला माणूस पडेल त्या दराने राबत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कॉबेटला इटालियन धर्तीची टोपी इंग्रज गवतापासून बनवावयाची होती. गवत फुलोऱ्यात असताना कापावे, उकळत्या पाण्यात बुडवावे आणि हिरवळीवर पसरून उन्हात पांढरे करावे, अशी त्याची कृती आहे. कृती उत्तम, परंतु हे काम कोण करणार, याचा विचार त्याने घरधन्याच्या खुर्चीत बसूनच केला. ससे मुलांनी सांभाळावेत, त्यातून त्यांना जनावरांविषयी माया व जबाबदारी शिकता येईल, हे त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे. वेणीच्या ‘शाळां’तील तीन-चार वर्षांच्या मुलांना मात्र ठराविक यार्ड पुरे केल्यावाचून सुटका नव्हती आणि तेथे अक्षरओळख नाममात्र होई. १८६७ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना अशा कामास लावण्यावर बंदी आली. तिची अंमलबजावणी घरोघर करणे सोपे नव्हते.

या व्यवसायाचा अंत कायद्याने नव्हे, जहाजांनी केला. १८७० नंतर चीनमधून व मागाहून जपानमधून आलेली वेणी इतकी स्वस्त पडू लागली की ल्यूटनचे टोपीवाले तीच घेऊ लागले. १८७१ च्या जनगणनेत एकट्या बेडफर्डशरमध्ये वीस हजारांहून अधिक स्त्रिया व मुली वेणी विणताना आढळतात. १९०१ मध्ये ही संख्या पाचशेच्याही खाली आली. टोप्यांचे कारखाने शहरात टिकले. आसपासच्या खेड्यांचा उंबरा रिकामा झाला. बागेतल्या कोबीला व पिंजऱ्यातल्या सशाला अशी स्पर्धा भोवली नाही, कारण ते बाजारात जाण्यापूर्वीच घरात संपत. दुसऱ्या महायुद्धात मांसावर नियंत्रण आले, तेव्हा गावोगावच्या ससापालक मंडळांना सरकारनेच कोंडा पुरविला, आणि शतकापूर्वीचे ते पिंजरे बागेच्या कडेला पुन्हा दिसू लागले.