विश्लेषण : उल्हास नदीच्या आलेखावर धोक्याची रेषा कशी काढतात?

पावसाचा जोर वाढला की बदलापूरकरांचे लक्ष उल्हास नदीच्या पातळीकडे लागते. येथे इशारा पातळी १६.५० मीटर, तर धोक्याची पातळी १७.५० मीटर मानली जाते. २६ जुलै २००५चा महापूर शहर विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पातळीचे नुसते आकडे वाचण्यापेक्षा त्यांचा आलेख पाहिला, तर पाणी कुठे चालले आहे हे चटकन कळते. ‘आर’ या संगणकीय भाषेत असा आलेख मोफत काढता येतो.

‘आर’ काय आहे?

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकात संख्याशास्त्रासाठी ही भाषा तयार केली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली.

रेषा कशा काढतात?

आधी ‘प्लॉट’ या आज्ञेने आलेख काढायचा. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर पातळी. मग ‘एबलाइन’ ही आज्ञा द्यायची. तिला ‘एच’ म्हणून १६.५० आणि १७.५० हे आकडे दिले की दोन आडव्या रेषा आलेखभर उमटतात. ‘व्ही’ म्हणून एखादी वेळ दिली की उभी रेषा येते. नागरिकांना इशारा केव्हा दिला, हे तिने दाखवता येते. रंग वेगळा किंवा रेषा तुटक ठेवता येते.

तिरकी रेषा कशासाठी?

पाणी किती वेगाने चढते आहे, हे तिरक्या रेषेवरून समजते. त्यासाठी ‘ए’ म्हणजे आंतरछेद आणि ‘बी’ म्हणजे चढ द्यावा लागतो. शाळेत शिकलेल्या समीकरणात चढ आधी येतो, येथे आंतरछेद आधी. क्रम चुकला तर भलतीच रेषा उमटते. नोंदींना सर्वांत जवळची रेषा ‘एलएम’ या आज्ञेने संगणकाकडूनच काढून घेता येते. समजा, पाणी तासाला २५ सेंटीमीटर चढते आहे. तर इशारा पातळीपासून धोक्याच्या पातळीपर्यंत चार तास मिळतात. वेग दुप्पट झाला तर दोनच.

चूक कुठे होते?

आलेखाची उंची हाती असलेल्या नोंदींवरून ठरते. सर्वाधिक नोंद १५ मीटरची असेल तर आलेख साधारण तेथेच संपतो. १७.५० मीटरची रेषा काढूनही ती चौकटीबाहेर राहते आणि संगणक त्याबद्दल काहीच सांगत नाही. पाहणाऱ्याला मात्र वक्र चौकटीच्या माथ्याला टेकलेला दिसतो. नदी धोक्याला पोहोचली की अजून अडीच मीटर खाली आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून ‘प्लॉट’ करतानाच ‘वायलिम’ने उभ्या अक्षाची मर्यादा १८ मीटरच्या पुढे ठेवावी आणि प्रत्येक रेषेवर तिचे नाव लिहावे.

रेषेवर किती विसंबावे?

आडवी रेषा ठरवून दिलेली मर्यादा असते. तिरकी रेषा केवळ अंदाज. वरच्या बाजूला, कर्जत-नेरळ परिसरात, पाऊस अचानक वाढला तर नदी कालच्या चढाने चढत नाही. त्यामुळे तिरकी रेषा दर तासाला नव्या नोंदी घेऊन पुन्हा काढावी लागते. घर सोडण्याचा निर्णय मात्र प्रशासनाच्या सूचनेवरच घ्यावा.