मोबाईलवरची बातमी : हाही एक हुन्नरच

अमरावतीच्या इतवारा बाजारात काय किंवा अकोल्याच्या जनता भाजी बाजारात काय, आज हातगाडीवाल्यापासून ठोक व्यापाऱ्यापर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. रस्ता फुटला, नाली तुंबली, गाडी उचलून नेली की कोणीतरी लगेच चित्रीकरण करतो आणि दहा ठिकाणी पाठवून मोकळा होतो. पण त्याने काम किती जणांचे होते? जागा कोणती, तारीख कोणती, मागणी काय आणि ती कोणाकडे, यांपैकी काहीच त्यात नसते. शिलाई मशीन घरात आली म्हणून कोणी टेलर होत नाही. तसेच मोबाईल हाती आला म्हणून कोणी बातमीदार होत नाही. हे काम उस्तादाजवळ बसून शिकावे लागते, आणि ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या आवाक्यातले आहे, असे आम्हास वाटते.

कच्च्या बातमीचा तोटा

कच्च्या बातमीचा तोटा शेवटी बाजारालाच भरावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली, दुकानांची मोडतोड झाली, संचारबंदी लागली आणि अफवा पसरू नयेत म्हणून इंटरनेट बंद करण्यात आले. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून वाद पेटला व त्यात एकाचा जीव गेला. अशा वेळी पहिला मार रोज कमावून रोज खाणाऱ्याला बसतो. गिऱ्हाईक येत नाही, माल पडून राहतो आणि इंटरनेट नसले की मोबाईलवरून पैसे घेणेही थांबते. म्हणून खातरजमा झाल्याशिवाय कोणतीही चित्रफीत पुढे न पाठविणे, हा या हुन्नराचा पहिला धडा होय.

इतरांनी काय केले

सामान्य माणसाला हे शिकविता येते काय? येते. जेसिका मेबेरी व स्टालिन के. यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ या गोव्यातील संस्थेने २०१० मध्ये ‘इंडिया अनहर्ड’ हा उपक्रम काढला. निरनिराळ्या राज्यांतील खेड्यांतून व वस्त्यांतून स्त्री-पुरुष निवडून त्यांना कॅमेरा, मुलाखत आणि बातमीची मांडणी शिकविली. त्यांनी आपल्याच वस्तीचे प्रश्न मांडले व त्याचा मोबदलाही त्यांना मिळाला. चित्रफितीच्या शेवटी जबाबदार अधिकाऱ्याचा फोन नंबर देऊन पाहणाऱ्यांना फोन करण्याची विनंती केली जाई. प्रश्न सुटला तर तो कसा सुटला, याची दुसरी चित्रफीत निघे. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ साली ग्रामीण स्त्रियांनी सुरू केलेले ‘खबर लहरिया’ हे वर्तमानपत्रही पुढे मोबाईलवरील चित्रफितींकडे वळले.

काम कसे करावे

एक उदाहरण घेऊ. समजा, बाजारातील हातगाड्या हटविण्यात आल्या. आरडाओरड्याचे चित्रण करण्याआधी कायदा पाहावा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. तेव्हा बातमीचा प्रश्न एकच ठेवावा : या बाजाराचे सर्वेक्षण झाले काय? माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून महानगरपालिकेकडे अर्ज करावा. उत्तर सामान्यतः ३० दिवसांत द्यावे लागते. तो कागद हाती असला म्हणजे बातमीला वजन येते.

मग चित्रीकरण. मोबाईल आडवा धरावा, हात स्थिर ठेवावा व प्रत्येक दृश्य दहा सेकंद तरी घ्यावे. आधी सारा बाजार, मग एक गाडी, मग तराजूवरचे हात, अशा क्रमाने जवळ जावे. बाजारात हॉर्नचा गोंगाट असतो. म्हणून कॉलरला लावावयाचा साधा माईक वापरावा किंवा बोलणाऱ्यास कडेला घ्यावे. चित्र थोडे अंधुक असले तरी चालते, पण आवाज ऐकू आला नाही तर सारे फुकट. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागेल असा प्रश्न विचारू नये. गाडी किती वर्षांपासून लावता, जप्त मालाची पावती कोणी दिली, रोजची विक्री किती बुडाली, असे विचारावे. अधिकाऱ्याची बाजू घेतलीच पाहिजे. ते बोलले नाहीत तर कोणत्या तारखेस विचारले, हे सांगावे. सर्व तीन मिनिटांत बसवावे आणि शेवटी एकच मागणी व एकाच कार्यालयाचा नंबर द्यावा. मूळ चित्रण जसेच्या तसे जपून ठेवावे. उद्या कोणी शंका घेतली तर तेच साक्षीला येते.

कायद्याची जाण

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १९६ नुसार समाजांत वैर वाढविणे, कलम ३५३ नुसार खोट्या माहितीने वा अफवेने भीती किंवा द्वेष पसरविणे आणि कलम ३५६ नुसार बदनामी हे गुन्हे आहेत. कलम ३५३ मजकूर बनविणाऱ्यास जसे लागू होते तसेच तो पसरविणाऱ्यासही होते. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची किंवा बालकाची ओळख उघड करू नये. घरात वा दुकानात चित्रीकरण करण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. ज्याची बातमी करावयाची त्याच्याकडून चहापलीकडे काही घेऊ नये. बातमी विकली गेली की तिच्यावरचा भरवसाही गेला.

सुरुवात कोठून

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बाजारातील व्यापारी संघटनेने चार होतकरू तरुण निवडावेत व त्यांत मुलीही असाव्यात. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीतच आहे; तेथील शिक्षकांना दोन दिवसांच्या शिबिरासाठी विनंती करता येईल. संघटनेने माईकचा खर्च करावा आणि प्रत्येक चित्रफितीमागे ठरावीक मेहनताना द्यावा, कारण फुकटचे काम फार दिवस टिकत नाही. पहिला विषय मोठा नको. तुंबलेली नाली, बंद पथदिवा किंवा न मिळालेले विक्रेता प्रमाणपत्र पुरे. ते एक काम तडीस गेले, तर दुसऱ्या वेळी बाजार आपणहून माहिती घेऊन येईल.