मँचेस्टर ते हाँगकाँग : टेबलावरच्या इंजिनाची स्वस्ताई

यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजवर धावणारं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालं, १९२३ मध्ये कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं. त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. दारव्हा, यवतमाळ, कारंजा, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या तीन पिढ्यांनी ज्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटलं, ती आता बंद आहे. तिचं छोटं चालतं मॉडेल घरी असावं, असं या भागातल्या अनेकांना वाटतं. बाजारात शोध घेतला की मात्र जर्मनीची, इंग्लंडची, अमेरिकेची इंजिनं दिसतात. त्यांतली स्वस्त इंजिनं बहुतेक चीनमध्ये बनलेली असतात. टेबलावरची रेल्वे स्वस्त कशी झाली आणि त्या स्वस्ताईतून आपल्याला शकुंतला घडवता येईल का, हे समजून घेण्यासारखं आहे.

शकुंतला हीच काटकसरीची रेल्वे

मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. हेतू उघड होता : वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या ब्रॉडगेजपर्यंत आणायचा, तिथून मुंबई बंदर आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्या. कापूस ज्या मँचेस्टरकडे जात होता, तिथूनच इंजिन आलं.

रुळांमधलं अंतर ठेवलं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर असतं. गेज निम्म्याहून कमी झाला की भराव अरुंद होतो, रूळ हलके चालतात, पूल लहान होतात, वळणं तीव्र घेता येतात आणि इंजिनही छोटं लागतं. त्या बदल्यात वेग आणि भार सोडावा लागतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटर अंतर गाडी निवांत कापायची, कारण वेगासाठी ती बांधलेलीच नव्हती. काय सोडायचं हे नीट ठरवलं तरच वस्तू स्वस्त होऊनही टिकते. खेळण्यातल्या इंजिनांनाही पुढे हाच नियम लागू पडला.

पत्र्याचा जमाना

जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजची खेळण्यातली रेल्वे मांडली. रूळ, सांधे, डबे सगळं एकमेकांना जुळणारं. आज एक डबा घ्या, पुढच्या वर्षी दुसरा. न्यूरेम्बर्गच्या बिंगसारख्या कारखान्यांनी छापील पत्र्याची इंजिनं इंग्लंडला भरभरून पाठवली. म्हणजे ‘स्वस्त आयात इंजिन’ हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. तेव्हा ते जर्मनीतून यायचं, एवढाच फरक. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये आपल्या गाड्या आणल्या, त्या या जर्मन मालाला उत्तर म्हणून.

ही इंजिनं मोठी होती. त्यांना अख्खी खोली लागे. १९३५ च्या सुमाराला ट्रिक्स आणि मेर्कलिन यांनी साधारण १६.५ मिलिमीटर गेजची विजेवर चालणारी रेल्वे आणली आणि ती टेबलावर मावू लागली. हॉर्नबीची ‘डब्लो’ १९३८ मध्ये आली. तिचं इंजिन धातूच्या ओतीव सांगाड्याचं, वजनदार आणि महागच होतं.

साचा महाग, नग स्वस्त

खरा बदल प्लास्टिकने केला. इंग्लंडमधल्या रोवेक्स कंपनीने १९५० मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीसाठी प्लास्टिकची गाडी बनवली. नंतर लाइन्स ब्रदर्सने रोवेक्स विकत घेतली आणि १९५२ पासून ट्राय-अँग नावाने गाड्या विकल्या. प्लास्टिक ओतायचा पोलादी साचा फार महाग असतो, पण एकदा साचा झाला की पुढचा प्रत्येक नग नगण्य खर्चात पडतो. म्हणून एकाच साच्यातून लाखांनी इंजिनं काढणं भाग पडतं.

हे गणित सर्वांत पुढे नेलं इटलीतल्या व्हिचेन्झाच्या लिमा कंपनीने. एकच बॉडी, वेगवेगळ्या देशांच्या रेल्वेचे रंग आणि क्रमांक. मूळ इंजिन त्या देशात कधी धावलं होतं का, याची फारशी फिकीर नाही. किंमत मात्र अशी की मध्यमवर्गीय घरातल्या मुलालाही ते मिळावं. हौशी मंडळी लिमाला नावं ठेवत, पण त्यांतल्या कितीतरी जणांचं पहिलं इंजिन लिमाचंच होतं.

स्वस्त इंजिनाचं झाकण उघडलं की काय सोडलंय ते दिसतं. चपटी ‘पॅनकेक’ मोटर एकाच बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या एकाच संचात बसवलेली असते, त्यामुळे बाकीची चाकं नुसती ओढली जातात. ती बोगी घसरू नये म्हणून तिच्या चाकांवर रबरी कडं चढवतात. रबर असलेलं चाक रुळातून वीज घेऊ शकत नाही, म्हणून वीज थोड्याच चाकांतून येते आणि रुळावर धूळ असली की इंजिन अडखळतं. गती सांभाळणारं जड चाक (फ्लायव्हील) नसल्याने गाडी हळूहळू सुटत नाही, एकदम उसळते. चाकांची कड जाड असते, कारण मुलं रूळ वेडेवाकडे जोडतात. दिसायला बेढब, पण गाडी रुळावरून उतरत नाही.

कारखाना पूर्वेकडे सरकला

हाँगकाँगची केडर ही कंपनी १९४८ पासून प्लास्टिकच्या वस्तू बनवत होती. पाश्चात्त्य नाममुद्रांसाठी माल करता करता तिने अमेरिकेतली बाखमन ही जुनी कंपनी १९८७ मध्ये विकतच घेतली. कंत्राटदार मालक झाला. १९८९-९० च्या सुमाराला ‘बाखमन ब्रँचलाइन’ ही मालिका ब्रिटनमध्ये उतरली आणि हॉर्नबीला धक्का बसला. नव्वदच्या दशकात हॉर्नबीनेही उत्पादन चीनमध्ये नेलं.

एरवी माल स्वस्त झाला की दर्जा घसरतो; इथे उलटं झालं. हाताने बसवायचे बारीक तपशील, म्हणजे दांडे, पायऱ्या, नळ्या, युरोपात परवडत नव्हते. कमी मजुरीमुळे चीनमध्ये ते परवडू लागले. लिमाला ही स्पर्धा झेपली नाही. ती बुडाली आणि २००४ मध्ये तिचे साचे हॉर्नबीकडे गेले. पुढे चीनमधली मजुरी वाढली, तसे भावही चढले. आज ‘बजेट’ म्हणून विकली जातात ती बहुधा जुन्या साच्यांतली सोपी इंजिनं, त्यातही चार किंवा सहा चाकांची, पाण्याची टाकी अंगावरच असलेली टँक इंजिनं. मोटर छोटी, चौकट एकच आणि वरची टोपी बदलली की नवं इंजिन तयार.

आपल्याकडे ती कशी आली

परवाना राजवटीत परदेशी खेळणी आयात करणं जवळपास अशक्य होतं. ज्यांच्याकडे अशी इंजिनं होती, त्यांच्याकडे ती बहुतेक परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आलेली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले आयात निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले आणि दार उघडलं. ते पुन्हा अर्धं लागलं २०२० मध्ये : खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मॉडेल इंजिनं खेळण्यांच्याच मथळ्याखाली येतात. दहा हजारांच्या इंजिनावर सात हजार शुल्क, वर जीएसटी. लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्हही बंधनकारक आहे. परदेशात जे इंजिन बजेटमधलं, ते दारव्ह्यात येईपर्यंत बजेटमधलं राहत नाही.

तरीही छंद टिकला. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. टेबलभर पसरलेलं शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, रस्ते असं सगळं तिथे पाहायला मिळतं. विदर्भातून पुण्याला जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन तिथे जरूर जावं.

शकुंतलेचं गणित जमतं

मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त मालिकांमध्ये शकुंतला नाही. पण नॅरोगेज असल्याचा इथे फायदा होतो. टेबलावरच्या रेल्वेचं सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७ आहे. ७६२ ला ८७ ने भागा. उत्तर येतं ८.७६ मिलिमीटर. जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जी चिमुकली रेल्वे आणली, तिचा गेज ९ मिलिमीटर आहे, आणि तो जगभर रुळला. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणजे छोट्या प्रमाणातल्या मोठ्या रेल्वेचे रूळ आणि चौकट, मोठ्या प्रमाणातल्या नॅरोगेजला चपखल बसतात. म्युनिकच्या एगर-बान कंपनीने १९६३ मध्ये याच कल्पनेवर स्वस्त नॅरोगेज इंजिनं काढली होती. ब्रॉडगेजवाल्यांना ही सोय नाही : १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६ मिलिमीटर, आणि बाजारातला रूळ १६.५ चा. त्यांना एकतर तडजोड करावी लागते, नाहीतर रूळ स्वतः घालावे लागतात.

म्हणून कमी खर्चाचा मार्ग असा : पूर्ण इंजिन मागवू नका. जपानच्या काटोसारख्या कंपनीची छोटी मोटर असलेली चौकट किंवा ९ मिलिमीटरचं जुनं पण चालू इंजिन घ्या आणि त्यावर बॉडी घरी बनवा, प्लास्टिकच्या पत्र्याची किंवा थ्रीडी प्रिंट केलेली. जुनं घेताना ते चालवून पाहा, आसावरचं प्लास्टिकचं दातेरी चाक तडकलेलं नाही ना बघा आणि ओतीव धातू फुगून भेगाळलेला असेल तर हात लावू नका. तो दुरुस्त होत नाही. आपल्याकडच्या धुळीत रूळ वरचेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागतात. मे महिन्यात रूळ तापून वाकू नयेत म्हणून सांध्यांत बारीक फट ठेवावी.

अडचण उरते ती मापांची. इंजिन बाहेरून मागवता येतं, दारव्हा मोतीबाग स्टेशन मागवता येत नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज दारव्ह्यावरूनच जाणार आहे, त्यामुळे जुन्या खुणा किती काळ राहतील हे सांगणं कठीण. ज्यांच्या घरी स्टेशनचे, इंजिनाचे, डब्यांचे जुने फोटो असतील त्यांनी ते स्कॅन करून ठेवावेत. शाळांनी आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी रीतसर परवानगी काढून टेप घेऊन जावं आणि इमारत, फलाट, पाण्याची टाकी, जे उभं असेल त्याची मापं उतरवावीत. मॉडेल त्यावरून दहा वर्षांनीही करता येईल. मापं मात्र आत्ताच घ्यायला हवीत.