किक नाही, क्लच नाही, गियर नाही!

मोटरसायकल शिकणाऱ्या माणसाला तुम्ही कधी लांबून पाहिलं आहे का? आमच्या यवतमाळात सकाळी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानावर हा कार्यक्रम हमखास पाहायला मिळतो. शिकणारा दादा गाडीवर ताठ बसलेला असतो. तो किक मारतो, गियर टाकतो, क्लच सोडतो आणि गाडी बेडकासारखी टुणकन उडी मारून बंद पडते. मागे बसलेला मोठा भाऊ ओरडतो, "अरे, क्लच हळू सोड ना बावा!" मग पुन्हा न्यूट्रल शोधायचं, पुन्हा किक मारायची, पुन्हा उडी! अर्ध्या तासात दोघंही घामाघूम होतात.

माझ्या मामांनीही चाळीस वर्षांपूर्वी अशाच उड्या मारल्या होत्या. मामा दारव्हा रस्त्यावरच्या एका गावात राहतात. घरापासून शेत तीन किलोमीटर, बाजार आठ किलोमीटर. जन्मभर त्यांनी शंभर सीसीची मोटरसायकल दामटली. गेल्या वर्षी मात्र त्यांनी विजेवर चालणारी मोटरसायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी फाटकात फजिती झाली. सवयीप्रमाणे मामांनी 'क्लच' म्हणून डाव्या हाताची मूठ आवळली. गाडी जागच्या जागी थांबली आणि मामा टाकीवर आपटले. या गाडीत डाव्या हाताला क्लच नव्हताच, मागच्या चाकाचा ब्रेक होता!

"मले सांग, मग इचा क्लच हाय तरी कुठी?" मामांनी विचारलं.

क्लच कुठेच नव्हता. किक नव्हती, गियरही नव्हते. किल्ली फिरवायची, बटण दाबायचं, उजवी मूठ पिळायची आणि निघायचं. आठवीत शिकणारा मामांचा नातू म्हणाला, "आबाजी, ही तर खेळण्यासारखी हाय!" हे वाक्य लक्षात ठेवा बरं का, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, गियर आणि क्लच नसले तरी गाडी चालते, तर मग इतकी वर्षं आपण ते कशाला वापरले? प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर पेट्रोलच्या इंजिनाच्या स्वभावात आहे.

पेट्रोलचं इंजिन म्हणजे एक बंद नळकांडं. त्यात हवा आणि पेट्रोलची वाफ ओढली जाते, दाबली जाते, ठिणगीने पेटते आणि धूर बाहेर फेकला जातो. या चार कामांपैकी जोर मिळतो तो फक्त एका कामात. बाकीची तीन कामं आधीच्या फेऱ्याच्या वेगावर उरकून घ्यावी लागतात. म्हणजे फिरत राहिलं तरच हे इंजिन जगतं. मिनिटाला साधारण हजार-बाराशे फेऱ्यांच्या खाली गेलं की ते गचके खातं आणि बंद पडतं.

आणि चाक? उभ्या गाडीचं चाक तर शून्य फेऱ्यांवर असतं. एकीकडे बाराशे फेरे, दुसरीकडे शून्य. दोघांना एकदम जोडलं तर काय होणार? एक तर गाडी उडी मारणार, नाहीतर इंजिन बंद पडणार. बहुधा दोन्ही होतं! म्हणून मध्ये क्लच आला. क्लचच्या चकत्या सुरुवातीला एकमेकींवर घसरतात आणि हळूहळू घट्ट धरतात. मैदानावरचा तो दादा शिकत होता ते हे घसरणं.

गियरचंही तेच. इंजिनाचा खरा जोर ठरावीक फेऱ्यांच्या आसपासच मिळतो. गियरची सायकल चालवणाऱ्यांना हे लगेच कळेल. चढावर पाय भरभर फिरवायचे आणि चाक हळू फिरवायचं, सपाटीवर उलट. तुमच्या पायांना जसा एक सोयीचा वेग असतो, तसाच इंजिनालाही असतो.

विजेच्या मोटारीचा स्वभाव याच्या अगदी उलट. तिच्यात तारांची वेटोळी असतात आणि चुंबकं असतात. वेटोळ्यांतून वीज गेली की तीही चुंबक बनतात आणि शेजारच्या चुंबकाला ढकलतात. हे ढकलण्यासाठी मोटार आधी फिरत असायला हवी असं मुळीच नाही. उलट उभ्या अवस्थेतून निघतानाच तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. सिग्नलला उभी असताना तिला 'भुरभुरत' राहावं लागत नाही, ती खरोखर गप्प असते. मूठ पिळली की शून्यातून निघते आणि त्याच एका दमात पूर्ण वेगापर्यंत जाते. मग क्लच कशाला आणि गियर कशाला?

गंमत बघा. हा गुण यवतमाळला नवा नाही. आपली शकुंतला आठवते का? तुमच्या आजोबांना नक्की आठवेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या या छोट्या रुळांच्या गाडीला १९९४ सालापर्यंत वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली इंग्लंडात मँचेस्टरला बनलेलं. त्या इंजिनाला क्लच नव्हता! वाफ बाहेर बॉयलरमध्ये तयार असायची. ड्रायव्हरने दांडा ओढला की ती दट्ट्याला ढकलायची, चाक उभं असलं तरीसुद्धा. डिझेलला ते जमत नाही. म्हणून मोठ्या गाड्यांच्या बहुतेक डिझेल इंजिनांत डिझेल जाळून आधी वीज तयार करतात आणि चाकं फिरवतात विजेच्या मोटारी! शकुंतला तर आता थांबली, पण जागेवरून निघण्याचा तिचा तो जुना गुण मामांच्या नव्या गाडीत आला आहे.

पेट्रोलच्या गाडीलाही शेवटी विजेचीच मदत घ्यावी लागली. पूर्वी मोटारगाड्या लोखंडी दांडा फिरवून सुरू करत. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडायचा. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि ती भीती गेली. आज तुम्ही बटण दाबून बाबांची गाडी सुरू करता तेव्हा एक छोटी विजेची मोटार पेट्रोलच्या इंजिनाला ढकलून उठवत असते.

'पण बिनगियरच्या गाड्या तर आधीपासून आहेत,' असं कुणी हुशार वाचक म्हणेल. बरोबर! १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. पन्नास सीसी, सायकलीसारखे पेडल आणि गियरची भानगडच नाही. कित्येक मास्तर आणि पोस्टमन त्या लूनावर फिरले. पुढे १९८० च्या दशकात बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. तोवर बजाजची चेतक स्कूटर चालवणाऱ्यांना डाव्या मुठीने गियर पाडावे लागत. थंडीत स्कूटर चालू होत नसली की तिला एका बाजूला आडवी कलंडवून मग किक मारायची, हा तर घरोघरीचा देखावा होता. पण लूना किंवा कायनेटिक होंडात क्लच होताच. तो आपोआप चालायचा, म्हणून हाताला कळायचा नाही, एवढंच. विजेच्या गाडीत तो लपवलेला नाही. त्याची गरजच उरलेली नाही. त्याच लूनाचा विजेवरचा अवतार, ई-लूना, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. चेतकही जानेवारी २०२० मध्ये विजेवर परतली.

विजेची गाडी म्हणजे हळूबाई, असंही समजू नका. २००९ साली ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटरसायकलींची शर्यत झाली. साठ किलोमीटरची एक फेरी, डोंगरातून वळणावळणाने. पहिला आलेला रॉब बार्बर तासाला सरासरी सुमारे १४० किलोमीटर वेगाने गेला. पुण्याच्या तरुणांनी बनवलेली एक गाडीही त्या शर्यतीत होती. त्या मंडळींनी पुढे टॉर्क मोटर्स ही कंपनी काढली आणि त्यांची क्रॅटोस ही मोटरसायकल जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आणली. तिलाही क्लच नाही, गियर नाही.

मग सगळी अवघड कामं गेली कुठे? ती गेली सीटखालच्या एका डब्यात. त्याला कंट्रोलर म्हणतात. मोटारीतली वेटोळी एका क्रमाने चालू-बंद करावी लागतात, सेकंदाला हजारो वेळा! चुंबक आत्ता नेमका कुठे आहे हे सेन्सर सांगतो आणि त्याप्रमाणे कंट्रोलर पुढच्या वेटोळ्यात वीज सोडतो. तुमच्या उजव्या मुठीला पेट्रोलच्या जुन्या गाडीसारखी केबलही जोडलेली नसते. मूठ फक्त 'एवढं हवं' असा निरोप पाठवते.

उतारावर तर आणखी मजा. सायकलला डायनामो लावून तुम्ही पाहिलं असेल, तो टायरला टेकवला की दिवा लागतो आणि पेडल जड होतं. विजेच्या गाडीत मोटारच उतारावर डायनामो होते. गाडी थोडी रोखली जाते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते.

पेट्रोलची गाडी मात्र उतारावर काहीच परत देत नाही. तिची बरीचशी ताकद उष्णतेतच जाते. विदर्भातल्या निम्म्या पोरांच्या पोटरीवर सायलेन्सरच्या चटक्याची खूण असते, ती याचीच! एक लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या सुमारे ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. त्यावर शंभर सीसीची चांगली मोटरसायकल साठ-पासष्ट किलोमीटर जाते. ई-लूनाची बॅटरी २ युनिटांची. कंपनी सांगते की त्यावर गाडी ११० किलोमीटर जाते. रस्त्यावर त्याहून कमीच मिळेल, आणि लूना हलकी आणि हळू चालणारी हेही खरं. तरी फरक किती मोठा आहे पाहा.

आता त्या नातवाकडे वळू या.

एका दुपारी मामा शेतावरून आले. गाडी अंगणात उभी केली आणि पाणी प्यायला घरात गेले. किल्ली गाडीलाच राहिली. पडद्यावर 'रेडी' असा हिरवा शब्द दिसत होता. नातू गाडीवर बसला. स्टँड काढला. आवाज काहीच नाही, म्हणजे गाडी बंदच आहे, असं त्याला वाटलं. तोंडाने 'ढर्र ढर्र' करत त्याने मूठ पूर्ण पिळली.

गाडी अंगण ओलांडून थेट गोठ्याच्या भिंतीवर गेली. हनुवटी फुटली, चार टाके पडले. भिंतीऐवजी समोर त्याची धाकटी बहीण खेळत असती तर काय झालं असतं, हे मामी आजही बोलत नाहीत.

या अपघातावर मी पुष्कळ विचार केला. हेच त्याने जुन्या मोटरसायकलवर केलं असतं तर? बंद गाडीची मूठ पिळून काहीच झालं नसतं. चालू असती तर आवाजानेच कळलं असतं. क्लच न समजता गियर टाकला असता तर गाडी एक उडी मारून बंद पडली असती. म्हणजे ज्या बंद पडण्यावर आपण इतकी वर्षं वैतागलो, ते नवशिक्याला वाचवतही होतं. विजेची गाडी बंद पडत नाही. ती लगेच ऐकते. चुकीचं सांगितलं तरी ऐकते.

मोटरसायकल शिकताना आपलं निम्मं लक्ष डाव्या हातात आणि डाव्या पायात अडकलेलं असतं. ते काम गेलं, छान झालं. पण राहिलेलं काम तेवढंच आहे. वेग ओळखायचा, ब्रेक वेळेवर दाबायचा, वळणावर रेतीकडे लक्ष ठेवायचं, रस्त्यात बसलेली म्हैस उठेल की नाही याचा अंदाज घ्यायचा! हे कोणताही कंट्रोलर करत नाही. आणि गाडीला आवाज नसल्यामुळे पायी चालणाऱ्यांनाही ती आलेली कळत नाही. मामा आता गावात शिरताना हॉर्न देतात. पूर्वी त्यांची गाडी दोन गल्ल्या आधीच ऐकू यायची.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. तासाला २५ किलोमीटरहून जास्त न पळणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही. त्यापुढच्या गाडीला लागतो, मग ती विजेची का असेना. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीपुरता आहे, मोटरसायकलसाठी वय १८ हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मामांच्या काही तक्रारीही आहेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणं बरं नाही, म्हणून गाडी आधी कडुनिंबाखाली निववावी लागते. रात्री लाइन गेली की सकाळचा बेत बदलतो. आणि वाटेत बॅटरी संपली तर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणण्यासारखी वीज कुणाकडून आणता येत नाही. यवतमाळला येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर होतात. तेवढं जायचं असलं की मामा अजूनही जुनीच गाडी काढतात. पहिल्या किकेला ती कधीच सुरू होत नाही.

नातवाला अठरा पूर्ण व्हायला अजून पाच वर्षं आहेत. तोवर किल्ली मामांच्या सदऱ्याच्या खिशात असते. नातवाकडे एक काम दिलं आहे, रोज सकाळी दोन्ही टायरची हवा दाबून पाहायची आणि ब्रेक लागतात की नाही ते गाडी हाताने ढकलून बघायचं. परवा त्यानेच मागच्या टायरमधला खिळा शोधून काढला.